घरचा सोलर इन्व्हर्टर जास्त तापत असेल तर काय करावे

भर दुपारी चालू असलेल्या इन्व्हर्टरला हात लावला आणि चटका बसला, म्हणजे तो बिघडलाच असे नाही. पॅनेलकडून येणाऱ्या डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या) विजेचे एसीत (दिशा बदलत वाहणाऱ्या, घरात वापरायच्या विजेत) रूपांतर करताना चांगला इन्व्हर्टर साधारण ९६ ते ९८ टक्के वीज पुढे देतो आणि उरलेल्या दोन-चार टक्क्यांची उष्णता होते. हे प्रमाण ऐकायला किरकोळ वाटते. परंतु ५ किलोवॅटचा इन्व्हर्टर पूर्ण क्षमतेने चालत असताना त्याची कार्यक्षमता ९७ टक्के धरली, तरी सुमारे १५० वॅट उष्णता त्याच्या अंगातून सतत बाहेर पडावी लागते, आणि तीही बाहेरची हवा आधीच तापलेली असताना. तेव्हा पाहायचे ते एवढेच, की या उष्णतेला निघून जायला मोकळी वाट आहे का, आणि ती नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात तयार तर होत नाही ना. माझ्या मते पहिला संशय नेहमी जागेवर घ्यावा, दुसरा पंख्यावर व जोडण्यांवर, आणि यंत्रावर सर्वात शेवटी. कारण जागा चुकीची असेल तर नवा इन्व्हर्टरही त्याच भिंतीवर तसाच तापेल.

इन्व्हर्टरच्या आत उष्णता मुख्यतः दोन ठिकाणी तयार होते. सेकंदाला हजारो वेळा प्रवाह तोडणारे-जोडणारे अर्धवाहक स्विच, म्हणजे आयजीबीटी किंवा मॉसफेट, हे पहिले ठिकाण, आणि तांब्याच्या वेढ्यांचे चोक व ट्रान्सफॉर्मर हे दुसरे. स्विच अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांच्या, उष्णता हवेत सोडणाऱ्या हीट सिंकवर घट्ट बसवलेले असतात आणि तापमान मोजणारा सेन्सरही सहसा तिथेच जवळ असतो. तापमान ठरलेल्या मर्यादेजवळ पोहोचले की इन्व्हर्टर आपणहून वीज कमी करतो, यालाच डीरेटिंग म्हणतात. तेवढ्यानेही भागले नाही तर तो पूर्ण बंद पडतो आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होतो. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरांच्या माहितीपत्रकात सुमारे ४५ अंश सेल्सिअसपर्यंत पूर्ण क्षमता आणि त्यापुढे ६० अंशांपर्यंत घटती क्षमता, असे लिहिलेले आढळते. हे तापमान इन्व्हर्टरला लागून असलेल्या हवेचे असते, हवामानाच्या बातमीतले नव्हे, आणि ऊन खाणाऱ्या भिंतीजवळ या दोहोंत बराच फरक पडतो.

वीज कमी मिळणे हा तोटा इन्व्हर्टरच्या मोबाइल ॲपवर लगेच दिसतो. न दिसणारा तोटा यंत्राच्या आयुष्याचा आहे. आतल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरबाबत, म्हणजे विजेचा भार साठवणाऱ्या भागाबाबत, अभियंते एक ढोबळ नियम मानतात: तापमान दर १० अंशांनी वाढले की कपॅसिटरचे आयुष्य निम्म्यावर येते. म्हणून इन्व्हर्टर एकदाही बंद पडलेला नसला तरी तो रोज दुपारी मर्यादेच्या काठावर चालत असेल, तर दुर्लक्ष करू नये.

लगेच थांबवण्याची लक्षणे

प्लास्टिक किंवा वार्निश जळल्यासारखा वास, तडतड किंवा सळसळ असा आवाज, कनेक्टरचा किंवा केबलच्या आवरणाचा तपकिरी-काळा पडलेला भाग, वितळलेली कड, धूर, यांपैकी काहीही आढळले तर ते नुसते तापणे राहिलेले नाही. अशा वेळी निरीक्षण, साफसफाई वगैरे सर्व बाजूला ठेवून यंत्रणा पुढे दिलेल्या क्रमाने बंद करावी आणि तंत्रज्ञ येईपर्यंत पुन्हा सुरू करू नये. धूर किंवा ज्वाळा दिसत असतील तर इन्व्हर्टरजवळ जाऊच नये. लांबून हाताशी असलेला मुख्य स्विच तेवढा बंद करावा, घरातल्या सर्वांना बाहेर काढावे आणि अग्निशमन दलाला बोलावताना छतावर सौर पॅनेल आहेत व बॅटरी असल्यास तीही आहे, हे न विसरता सांगावे. विजेच्या आगीवर पाणी टाकू नये. आग अगदी लहान असून मागे सुटकेची वाट मोकळी असेल तरच कार्बन डायऑक्साइडचे किंवा कोरड्या पावडरचे अग्निशामक वापरावे. लिथियम बॅटरी फुगली, तिच्यातून फुसफुस आवाज आला किंवा वाफ निघाली तर तेवढेही धाडस करू नये.

बंद करण्याचा क्रम

हा भाग प्रत्येकाने, इन्व्हर्टर तापत असो वा नसो, नीट समजून घ्यावा. आधी एसी बाजूचा एमसीबी (आपोआप तुटणारा छोटा स्विच) बंद करावा. तो बंद होताच इन्व्हर्टर वीज देणे थांबवतो आणि पॅनेलकडून येणारा प्रवाह जवळजवळ शून्यावर येतो. बॅटरी जोडलेली असल्यास माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या टप्प्यावर तिचा ब्रेकर बंद करावा, आणि मग डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनेलकडून येणारी वीज तोडणारा स्विच, फिरवावा. क्रम असा असण्याचे कारण आहे. एसी प्रवाह दर सेकंदाला अनेकदा शून्यातून जातो, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. डीसी प्रवाह कधीच शून्यातून जात नाही आणि त्याची ठिणगी ज्योतीसारखी पेटत राहू शकते. याच कारणाने छतावरचे किंवा इन्व्हर्टरखालचे एमसी-४ कनेक्टर (पॅनेलच्या केबल एकमेकींना जोडणारे प्लग) प्रवाह चालू असताना कधीही ओढून काढू नयेत. आपल्या इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत वेगळा क्रम दिलेला असेल तर तोच पाळावा.

स्क्रीन काळी पडली म्हणजे आतली वीज संपली, असे समजू नये. कपॅसिटरमधला भार उतरायला वेळ लागतो. तो किती, हे बहुधा यंत्राच्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेले असते आणि साधारण ५ ते १० मिनिटे असते. शिवाय आयसोलेटर बंद केला तरी पॅनेलपासून आयसोलेटरपर्यंतची केबल दिवसाउजेडी जिवंतच राहते. दहा-बारा पॅनेलच्या एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या माळेत, चारशे-पाचशे व्होल्ट असू शकतात आणि हा डीसी झटका प्राणघातक ठरू शकतो. म्हणून या लेखात सांगितलेली कामे बाहेरूनच करायची आहेत. इन्व्हर्टरचे झाकण उघडणे, केबल सोडवणे, टर्मिनल आवळणे ही कामे परवानाधारक तंत्रज्ञाची आहेत, आणि झाकण उघडल्याने वॉरंटीही जाऊ शकते.

खरोखर इन्व्हर्टरच तापतो आहे का

दुपारी वीज कमी मिळते याचा दोष इन्व्हर्टरच्या तापण्याला देण्यापूर्वी बाकीची कारणे पडताळून पाहावीत, नाहीतर नको त्या ठिकाणी मेहनत वाया जाते. पॅनेल स्वतःही उन्हात कमी वीज देतात: त्यांची नोंदलेली क्षमता सेलच्या २५ अंश तापमानाची असते आणि त्यापुढे दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. सेल ६० अंशांवर गेले की नुसत्या या कारणाने १० ते १४ टक्के घट होते, आणि तो बिघाड नाही. दुसरे कारण क्लिपिंग. पॅनेलची एकूण क्षमता इन्व्हर्टरपेक्षा जास्त असेल तर आलेखाचा माथा सुरीने कापल्यासारखा सपाट दिसतो, पण ती सपाट रेषा इन्व्हर्टरच्या नोंदलेल्या क्षमतेच्याच पातळीवर असते. डीरेटिंगमध्ये रेषा त्या पातळीच्या खाली घसरते, अनेकदा दात पडल्यासारखी खालीवर होते, आणि हवा गरम असेल त्याच दिवशी जास्त दिसते. तिसरे कारण वीजवाहिनीचे वाढलेले व्होल्टेज. ते मर्यादेपलीकडे गेले की काही इन्व्हर्टर वीज कमी करतात किंवा बंद पडतात, परंतु तेव्हा सूचना तापमानाची येत नाही, व्होल्टेजची येते.

ॲपवर किंवा स्क्रीनवर डीसी व्होल्टेज आणि डीसी प्रवाह वेगवेगळे दिसत असतील तर निदान बरेच पक्के करता येते, आणि ही पद्धत मला सर्वात भरवशाची वाटते. समजा, सकाळी ११ वाजता स्ट्रिंगचे व्होल्टेज ३६० आणि प्रवाह ९ अँपिअर आहे. दुपारी दीड वाजता आकाश स्वच्छ असताना व्होल्टेज थोडे उतरून ३४५ झाले आणि प्रवाह ९.५ अँपिअरवर गेला, तर पॅनेल तापले आहेत इतकेच. इन्व्हर्टर मिळेल तेवढी वीज घेतो आहे. पण व्होल्टेज चढून ४०५ झाले आणि प्रवाह ५.५ अँपिअरवर आला, तर इन्व्हर्टर मुद्दाम कमी वीज घेतो आहे. पॅनेलवरचा भार हलका केला की त्यांचे व्होल्टेज वर जाते, आणि डीरेटिंग करताना इन्व्हर्टर नेमके तेच करतो. सोबत त्याच वेळचे आतले तापमान व सूचनांची यादी पाहिली की शंका उरत नाही. क्लिपिंगमध्ये आणि वीजवाहिनीच्या व्होल्टेजमुळे होणाऱ्या कपातीतही व्होल्टेज असेच चढते. म्हणून वीज नोंदलेल्या क्षमतेखाली आहे ना आणि एसी व्होल्टेज ठीक आहे ना, हे दोन्ही बघून मगच निष्कर्ष काढावा.

सेन्सर खोटे बोलतो आहे का, हेही तपासणे सोपे आहे. रात्रभर शांत राहिलेला इन्व्हर्टर पहाटे जागा होतो तेव्हा त्याचे आतले तापमान बाहेरच्या हवेच्या जवळपास असायला हवे. पहिल्याच नोंदीत ते ५०-६० अंश दिसत असेल तर बिघाड सेन्सरमध्ये किंवा त्याच्या जोडणीत असण्याचा संभव जास्त.

इन्फ्रारेड थर्मामीटरने बाहेरून मोजणार असाल तर चकचकीत धातूवर थेट नेम धरू नये. असा पृष्ठभाग प्रत्यक्षापेक्षा बराच थंड भासतो. हीट सिंकच्या बाहेरच्या कडेवर काळ्या इन्सुलेशन टेपचा छोटा तुकडा चिकटवून, तो धातूइतका गरम होईपर्यंत काही मिनिटे थांबून, जवळून त्याचेच तापमान घ्यावे, आणि नंतर टेप काढून टाकावी. हीट सिंक ६० ते ७० अंशांवर असणे पूर्ण भाराखाली अस्वाभाविक नाही, मात्र त्याला हात लावून परीक्षा करू नये, कारण इतक्या गरम धातूने काही क्षणांतच भाजते. इन्व्हर्टरच्या खालच्या बाजूने आत जाणाऱ्या हवेचे तापमान साध्या थर्मामीटरने घेतले तर ते अधिक उपयोगाचे असते, कारण माहितीपत्रकातली मर्यादा त्याच हवेबद्दल बोलते.

जागा आणि हवा

गरम हवा वर जाते आणि तिच्या जागी खालून थंड हवा येते. पंखा नसलेला इन्व्हर्टर सर्वस्वी या एका गोष्टीवर जगतो. म्हणून हीट सिंकच्या पट्ट्या उभ्या असाव्यात आणि इन्व्हर्टर सरळ उभा टांगलेला असावा. तो आडवा किंवा उताणा बसवला तर हवेचा प्रवाह पट्ट्यांमध्येच अडतो. चहूबाजूंना किती जागा सोडायची हे पुस्तिकेत आकृतीसह दिलेले असते. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरांसाठी बाजूंना सुमारे ३० सेंटिमीटर आणि वर-खाली सुमारे ५० सेंटिमीटर मोकळी जागा मागितलेली असते. टेप घेऊन ही अंतरे प्रत्यक्ष मोजावीत. बसवताना ठीक असलेली जागा पुढे फळी, खोकी, झाडू, कपड्यांची दोरी यांनी भरत जाते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. एकाच्या डोक्यावर दुसरा असे दोन इन्व्हर्टर लावलेले असतील तर खालच्याची गरम हवा वरच्याच्या वाट्याला येते. ते शेजारी-शेजारी, पुरेसे अंतर ठेवून लावून घ्यावेत.

ऊन हा प्रश्न अनेकांना वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. कडक उन्हात उन्हाला सामोऱ्या असलेल्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे १००० वॅट ऊर्जा पडते. इन्व्हर्टरचा दर्शनी भाग ४० बाय ५० सेंटिमीटर धरला तर तो ०.२ चौरस मीटर होतो, म्हणजे ऊन समोरून आले तर २०० वॅटपर्यंत उष्णता बाहेरूनच त्याच्यावर येते. त्यातला काही भाग परावर्तित होतो आणि ऊन बरेचदा तिरपे असते हे मान्य केले, तरी यंत्र स्वतः जेवढी उष्णता तयार करते तिच्या तोडीची भर ऊन घालू शकते. बाहेर लावण्याजोगा आयपी ६५ दर्जाचा इन्व्हर्टर धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून सुरक्षित असतो. त्या आकड्याचा उन्हाशी काहीही संबंध नाही. तेव्हा दिवसभरात ऊन कोणत्या वेळी कोणत्या भिंतीवर येते हे एकदा पाहून ठेवावे आणि विशेषतः दुपारनंतरचे ऊन इन्व्हर्टरवर येत असेल तर सावली करावी.

सावलीसाठी छज्जा किंवा पत्रा बसवताना एक काळजी घ्यावी लागते. पत्रा इन्व्हर्टरला चिकटून किंवा तिन्ही बाजूंनी बंदिस्त लावला तर ऊन थांबते, पण गरम हवाही तिथेच कोंडते. शिवाय तापलेला पत्रा स्वतःच खाली उष्णता फेकतो. म्हणून पत्रा पुस्तिकेतल्या अंतरापेक्षा जरा जास्तच वर असावा, फिकट रंगाचा असावा, भिंत आणि पत्रा यांच्यात फट असावी आणि खालची व बाजूची हवा मोकळी खेळावी. पक्क्या सावलीची दुसरी भिंत मिळत असेल आणि केबलची लांबी फार वाढत नसेल, तर मी छज्ज्यापेक्षा जागा बदलण्याच्या बाजूने मत देईन. हे काम अर्थातच तंत्रज्ञाकडून करून घ्यावे.

इन्व्हर्टर खोलीत, जिन्याखाली किंवा कपाटात असेल तर हवा किती लागते याचा हिशेब करता येतो. उष्णतेचे वॅट घ्यावेत, त्यांना खोलीचे तापमान बाहेरच्या हवेपेक्षा जितके अंश जास्त चालेल त्या आकड्याने भागावे आणि ३ ने गुणावे. उत्तर तासाला लागणाऱ्या हवेचे घनमीटर. १५० वॅट उष्णता आणि ५ अंशांची वाढ धरली तर १५० भागिले ५ गुणिले ३, म्हणजे तासाला सुमारे ९० घनमीटर हवा लागते. लहान एक्झॉस्ट पंखा एवढी हवा सहज काढतो, मात्र त्याला तेवढीच हवा आत येण्याची वाट हवी. आत येणारी जाळी जमिनीजवळ आणि बाहेर टाकणारा पंखा छताजवळ, समोरासमोरच्या भिंतींवर असला तर उत्तम. दार बंद केल्यावर पंखा नुसता गरगरत असेल आणि जाळीजवळ धरलेला कागदाचा कपटा आत ओढला जात नसेल, तर हवा येण्याची वाट अपुरी आहे असे समजावे.

बॅटरी त्याच खोलीत असेल तर ती इन्व्हर्टरच्या थेट खाली ठेवू नये. लेड-अॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तो वर जातो आणि इन्व्हर्टरमध्ये ठिणगीचे निमित्त असू शकते. शिवाय आम्लाच्या वाफांनी टर्मिनल गंजतात. उष्णतेने बॅटरीचेही आयुष्य घटते, त्यामुळे दोघांत अंतर ठेवण्यात दोघांचेही भले आहे.

पंखा, जाळी आणि धूळ

पंख्याच्या इन्व्हर्टरमध्ये आजार बहुतेक वेळा आवाजातून कळतो. नेहमीची एकसारखी घूं जाऊन घरघर, खरखर किंवा टकटक ऐकू येऊ लागली तर बेअरिंग झिजले आहे. भर दुपारी पूर्ण भार असताना पंखा अजिबात ऐकू येत नसेल तर तो बंद पडला आहे का ते पाहावे. कमी भार असताना किंवा सकाळी तो शांत असणे मात्र स्वाभाविक आहे, कारण तो तापमानानुसार चालू होतो.

साफसफाईसाठी संध्याकाळ निवडावी. पॅनेल झोपलेले असतात आणि यंत्र थंड होऊ लागलेले असते. वरच्या क्रमाने सर्व बंद करून, सांगितलेला वेळ थांबून, बाहेरून दिसणाऱ्या जाळीवरची धूळ मऊ कोरड्या ब्रशने सैल करावी आणि व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्यावी. हवेचा झोत मारायचा असेल तर पंख्याचे पाते काडीने किंवा बोटाने अडवून धरावे, कारण झोताने पंखा त्याच्या मर्यादेपेक्षा वेगाने फिरला तर बेअरिंग खराब होते. झोत आतून बाहेरच्या दिशेने जाईल असा धरावा, नाहीतर जाळीवरची धूळ थेट सर्किटवर जाऊन बसेल. हीट सिंकच्या पट्ट्यांमध्ये कोळिष्टके, पाने, कधी कधी गांधीलमाशीचे मातीचे घर सापडते. ते लाकडी किंवा प्लास्टिकच्या काडीने काढावे, धातूच्या तारेने नव्हे. ओले फडके, साबण, पाण्याचा पाइप यांतले काहीही वापरू नये. धुळीच्या भागात दर महिन्याला जाळी पाहावी, एरवी दर तीन-चार महिन्यांनी पुरते, आणि उन्हाळा लागण्याच्या आधी एकदा नक्की.

काही इन्व्हर्टरांचे पंखे बाहेरून, झाकण न उघडता बदलता येतात आणि पुस्तिकेत तसे स्पष्ट लिहिलेले असते. तसे नसेल तर पंखा बदलायचे काम तंत्रज्ञावर सोडावे. पंखा त्याच मापाचा, त्याच व्होल्टेजचा आणि त्याच दिशेने हवा टाकणारा हवा. उलटा बसवलेला पंखा फिरतो, आवाजही करतो, पण गरम हवा परत आत ढकलतो.

सैल जोडणी

एकाच ठिकाणी उष्णता एकवटलेली दिसली, म्हणजे हीट सिंक ठीक पण एखादे टर्मिनल किंवा केबलचे टोक तापलेले, तर कारण हवा नसून जोडणी असते. बॅटरीच्या बाजूला हे फार जाणवते, कारण तिथे व्होल्टेज कमी व प्रवाह प्रचंड असतो. २४ व्होल्टच्या बॅटरीवरून ३ किलोवॅट घ्यायचे तर १२५ अँपिअर लागतात, रूपांतरातला तोटा धरला तर त्याहूनही जास्त. आता एखाद्या सैल किंवा गंजलेल्या लगमध्ये (केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या तुकड्यात) फक्त एक मिलिओहम रोध आला तरी प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध या हिशेबाने त्या बोटाएवढ्या जागेत १५ वॅटहून जास्त उष्णता होते. तिने धातू प्रसरण-आकुंचन पावतो, जोडणी आणखी सैल होते, रोध वाढतो आणि उष्णता त्याहून वाढते. म्हणून असा तापलेला लग आपोआप बरा होत नाही, दिवसेंदिवस बिघडतच जातो.

छताकडच्या डीसी बाजूला प्रवाह कमी असला तरी एकमेकांशी न जुळणाऱ्या कंपन्यांचे कनेक्टर जोडणे आणि अर्धवट दाबलेली पिन या दोन चुका धोकादायक असतात. दोन वेगळ्या कंपन्यांचे एमसी-४ कनेक्टर कट् आवाज करून बसतात, त्यामुळे जोडणी बरोबर वाटते. परंतु आतल्या धातूचा स्पर्श पुरेसा नसतो. तंत्रज्ञ आल्यावर त्याला सर्व टर्मिनल पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने (पिळण्याच्या ठरलेल्या जोराने) आवळायला आणि शक्य असल्यास भार असताना थर्मल कॅमेऱ्याने जोडण्या पाहायला सांगावे. सारख्याच प्रवाहाच्या दोन जोडण्यांपैकी एक दुसरीपेक्षा स्पष्टपणे गरम दिसली तर ती उघडून पाहण्याजोगी आहे.

भार आणि सेटिंग

जागा सुधारेपर्यंत किंवा तंत्रज्ञ येईपर्यंत इन्व्हर्टरवरचा ताण हलका करता येतो. अनेक इन्व्हर्टरांत कमाल वीज टक्केवारीत मर्यादित करण्याची सोय असते. ती तंत्रज्ञाच्या सल्ल्याने ८० टक्क्यांवर आणली तर दुपारची थोडी वीज जाते, पण वारंवार बंद पडून पूर्णच वीज जाण्यापेक्षा ते बरे. बॅटरीच्या इन्व्हर्टरमध्ये दुपारी एकाच वेळी बॅटरी चार्ज करणे आणि पंप, एअर कंडिशनर, गिझर असे मोठे भार चालवणे टाळावे. वीजवाहिनीवरून बॅटरी चार्ज होत असेल तर त्याची वेळ रात्रीची किंवा पहाटेची ठेवावी आणि चार्जिंगचा प्रवाह बॅटरीला चालेल तितका कमी करावा. पॅनेल नव्याने वाढवले असतील तर इन्व्हर्टर आता जास्त तास पूर्ण क्षमतेने चालतो आहे, हेही तापण्याचे साधे कारण असू शकते. डोंगराळ, उंच जागी हवा विरळ असल्याने थंडावा कमी मिळतो. अशा ठिकाणी क्षमता कितीने घटते ते माहितीपत्रकात पाहावे.

बाहेरून टेबल फॅन लावणे हा तात्पुरता उपाय खरोखर उपयोगी पडतो, मात्र त्याचा झोत खालून वर, पट्ट्यांच्या दिशेने जावा. समोरून किंवा वरून मारलेला झोत नैसर्गिक प्रवाहाला आडवा जातो. पंखा, त्याची वायर व प्लग पावसापासून आणि डीसी केबलपासून दूर असावेत. इन्व्हर्टरवर ओले कापड टाकणे, बर्फ ठेवणे, आयपी ६५ खोक्याला हवेसाठी भोके पाडणे किंवा झाकण काढून चालवणे हे मात्र कोणी कितीही खात्रीने सांगितले तरी करू नये.

तंत्रज्ञ आणि वॉरंटी

जागा मोकळी केली, सावली केली, जाळी साफ केली आणि तरीही तापमानाची सूचना येत राहिली, तर बिघाड आत आहे असे धरून चालावे. स्विच आणि हीट सिंक यांच्यामधली, उष्णता पुढे नेणारी थर्मल पेस्ट सुकणे, आतला पंखा बंद पडणे, कपॅसिटर फुगणे, सेन्सर बिघडणे ही नेहमीची कारणे असतात आणि ती झाकण उघडल्याशिवाय कळत नाहीत. जुन्या इन्व्हर्टरमध्ये थंड दिवशीही, तेवढ्याच उन्हात, पूर्वीपेक्षा जास्त तापमान दिसू लागले तर ते यांपैकीच काहीतरी असण्याची दाट शक्यता आहे.

कंपनीकडे तक्रार करताना नुसते 'फार तापतो' असे लिहून भागत नाही. स्वच्छ उन्हाच्या सलग काही दिवसांच्या नोंदी द्याव्यात: पहाटेचे, सकाळी ११ चे, दुपारी १ आणि ३ चे आतले तापमान, त्याच वेळची वीज, डीसी व्होल्टेज व प्रवाह, खालून आत जाणाऱ्या हवेचे तापमान आणि सूचनेचा नेमका क्रमांक. सोबत इन्व्हर्टरच्या चारही बाजूंची टेप लावून काढलेली छायाचित्रे आणि दुपारी तिथे सावली असल्याचे एक छायाचित्र जोडावे, कारण बसवण्याच्या अटी पाळल्या नाहीत हे दावा नाकारण्याचे कारण ठरू शकते. अंतरे कमी असतील तर आधी ज्याने यंत्रणा बसवली त्याच्याकडून जागा दुरुस्त करून घ्यावी, पुन्हा काही दिवस नोंदी घ्याव्यात आणि मग तक्रार करावी. इन्व्हर्टर बदलून मिळालाच, तर नव्या यंत्राच्या पुस्तिकेतली अंतरे जुन्या यंत्राच्या अंतरांशी ताडून पाहावीत आणि ती बसत नसतील तर नवा इन्व्हर्टर जुन्या खिळ्यांवर टांगू देऊ नये.